गिऱ्हाईक कुणाच्या ओळखीचं?

(बचत गटांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचं वळण शक्यतो तसंच ठेवलं आहे.)

पत्रिकेवर माझ्या सत्राचं नाव 'विक्रीकौशल्य' असं छापलं आहे. सकाळपासून बचत झाली, कर्ज झालं, हिशेब झाला आणि आता जेवणाची वेळ तोंडावर आली असताना विक्री. आपल्या कामातही क्रम हाच असतो. आधी पैसे साठवा, मग कर्ज घ्या, मग आठ दिवसांचं प्रशिक्षण, मग माल करा, आणि तो माल घरात पडून राहिला की कुणीतरी विचारतं, "ताई, हे आता खपवायचं कुठं?"

१९९२ साली नाबार्डने गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली. तेव्हापासून पैशाची बाजू आपण पुष्कळ शिकलो. हप्ता, व्याज, ठराव, हजेरी हे गटातल्या कुठल्याही बाईला झोपेतून उठवून विचारा, ती सांगेल. पण "तुमचा माल कोण घेतं?" असं विचारलं की उत्तर येतं, "घेतात की लोक." कोण लोक? कुठल्या घरातले? एकदा नेलं ते परत आले का? नाही आले तर का नाही आले? इथं सगळ्या गप्प होतात. आणि खरं सांगायचं तर यात बायकांचा दोष फार थोडा आहे. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात मी गरजांचं सर्वेक्षण करायला शिकले, ते गरिबांच्या गरजांचं. गिऱ्हाइकाची गरज विचारायची ही गोष्ट आमच्या पुस्तकात नव्हती. ते दुकानदाराचं काम, आपण चळवळीतल्या, असं आपण धरून चाललो.

आता प्रशिक्षणाला बाहेरून जे लोक येतात ते सांगतात, तुमचा माल चारचौघांत उठून दिसला पाहिजे. बरोबर आहे. पण मग काय होतं ते बघा. कुठल्याही जिल्ह्याच्या प्रदर्शनात एक रांग चालून जा. दहा स्टॉल असतील तर आठ ठिकाणी पापड, लोणचं, मसाला, कुरडई. गटांची नावं सावित्री, जिजाऊ, अन्नपूर्णा, प्रगती. पाकिटावर डोक्यावर पदर घेतलेल्या बाईचं चित्र, ते बहुतेक तालुक्याच्या एकाच छापखान्यातून आलेलं. आणि वर फलक: 'गरजू महिलांनी बनवलेले घरगुती पदार्थ. एक पाकीट घेऊन मदत करा.' म्हणजे उठून दिसायचं ते गरजू म्हणून! मैत्रिणींनो, माझा या फलकाला फार जुना विरोध आहे. दयेपोटी माणूस एक पाकीट घेतो. घरी जाऊन ते कपाटात ठेवतो आणि पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनापर्यंत त्याला आपली आठवण होत नाही. शिवाय आपल्या कामाची किंमत मागायची सोडून आपण मदत मागतो, आणि मदत मागणाऱ्या बाईला भाव ठरवता येत नाही.

लिज्जत पापडाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, तरी त्यातल्या दोन गोष्टी मला इथं सांगायच्या आहेत. १५ मार्च १९५९ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि ती ओळखीच्या दुकानदाराला विकली. यातल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पण पद्मश्रीपेक्षा मला सुरुवातीचे निर्णय महत्त्वाचे वाटतात. या बायकांनी ठरवलं की तोटा आला तरी देणगी मागायची नाही. आणि दुसरं असं की आधी त्या दोन प्रतींचा पापड करत होत्या, एक चांगला आणि एक जरा हलका, स्वस्तात विकायला. त्यांना मार्गदर्शन करणारे छगनबापा पारेख यांनी सांगितलं की एकच पापड करा, चांगला करा, आणि हिशेब चोख ठेवा. पावसाळ्यात वाळवण थांबलं म्हणून पहिल्या वर्षी चार महिने काम बंद पडलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. पापड खाटेवर, खाली स्टोव्ह. आपल्या कितीतरी गटांचं गाडं पावसाळ्यात अडतं तेव्हा मला ती खाट आठवते. जाहिराती, बोलक्या बाहुल्या, टीव्ही हे सगळं फार नंतरचं. आधी गिऱ्हाइकाला एवढंच कळलं होतं की मागच्या महिन्यात घेतला तोच पापड याही महिन्यात मिळतो.

दुसरं उदाहरण आपल्या मराठी बायकांचं, गिरणगावातल्या खानावळवाल्यांचं. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार एका खोलीत दहा-पंधरा राहायचे आणि महिन्याच्या बोलीवर बाईकडे जेवायचे. कुणाला भात आणि माशाचं कालवण हवं, कुणाला भाकरी. कुणाची पाळी रात्रीची, कुणाचा पगार झाला, कुणाचं पोर आजारी म्हणून गावाला पैसे गेले, हे सगळं त्या बाईच्या डोक्यात असायचं. जाहिरात नाही, पाटी नाही. गिऱ्हाईक कसं धरून ठेवावं हे या बायकांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांची अडचण वेगळी होती. किराणा उधारीवर, सावकाराचं व्याज, आणि हे सगळं काम घरकामात जमा, उद्योग म्हणून कुणी मोजतच नव्हतं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते या बायकांना बँकेच्या दारापर्यंत नेण्यासाठी. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि जेवणारे गावी गेले. मंडळाने पुढे केटरिंगची कामं घेतली, म्हणजे नवं गिऱ्हाईक शोधलं. हे मी का सांगते आहे? आपण बायकांना 'ग्राहकांशी नातं' शिकवायला जातो तेव्हा ते त्यांना आधीच येत असतं, हे लक्षात राहावं म्हणून.

आता मी ज्या एका गटाबरोबर काम करते त्याच्याकडे येते. गाव सांगत नाही, पण कोल्हापूरकडचं आहे. अकरा बायका कांदा-लसणाची चटणी करतात. तिकडं तिला मसाला कुणी म्हणत नाही, चटणीच म्हणतात. फाल्गुन-चैत्रात प्रत्येक घरात वर्षाची चटणी होते. मिरची आणायची, देठ खुडायचे, उन्हात कडकडीत वाळवायची, धने, तीळ, खसखस, खोबरं भाजून घ्यायचं, कांदा तळायचा, लसूण सोलायचा, आणि मग डंकावर रांग. पण आता शाळेत, दवाखान्यात, बँकेत नोकरी करणाऱ्या बायकांना हे होत नाही. पोरं पुण्या-मुंबईला आहेत, त्यांना पाठवायची असते. म्हणून गिऱ्हाईक आहे. पण दुकानात कंपन्यांची पाकिटं आहेत, चकचकीत आणि स्वस्त.

गटाने पहिल्यांदा कंपनीसारखंच पाकीट करायचं ठरवलं होतं. मग एका बैठकीत एक काकू सहज म्हणाल्या, "माझ्या सुनेला माझी चटणी जाळ लागते, तिच्या माहेरी ब्याडगी जास्त घालतात." झालं. प्रत्येकीनं आपापल्या घरचं सांगायला सुरुवात केली. कुणाकडे निम्मी ब्याडगी, निम्मी लवंगी. कुणाकडे खोबरं कमी, कारण चटणी मे महिन्यानंतर खवट होते. कुणाकडे म्हाताऱ्या सासऱ्यांसाठी वेगळी. अर्धा तास नुसता गोंगाट. त्या गोंगाटातून जे निघालं ते कुठल्या तज्ज्ञाने सांगितलं नसतं. कंपनी एकच चव करते, लाख पाकिटं करते. आपण प्रत्येक घराची चटणी त्या घरासारखी करून देऊ शकतो.

मग एक वही घातली. साधी दोनशे पानी वही. एका घराला एक पान. मिरची कुठली आणि किती, तिखट की मध्यम, खोबरं किती, वर्षाला किती किलो, एकदम नेणार की तीन वेळा, परगावी कुणाला पाठवायची. मागच्या वेळी काय म्हणाले तेही लिहायचं, कौतुक असो की तक्रार. गटात दोघींना नीट लिहिता येत होतं, त्यातली एक नुकती लग्न होऊन आलेली सून. सुरुवातीला चार घरी वानवळा दिला, छोट्या पुडीत, दोन प्रकारचा. वानवळा म्हटल्यावर लोक 'नको' म्हणत नाहीत, आणि दोन प्रकार दिले की मत सांगावंच लागतं. मोफत नमुना वाटण्याचं तंत्र म्हणून कंपन्या याला मोठं नाव देतात. आपल्याकडे ते पिढ्यान्‌पिढ्या आहे.

वहीचा आणखी एक उपयोग झाला, तो तोट्याचा हिशेब कळण्यासाठी. समजा, एका किलोला कच्चा माल, डंक, पाकीट मिळून ४०० रुपये आले आणि गटाने ४५० रुपयांनी विकली. बैठकीत सांगितलं जातं, किलोमागे ५० रुपये सुटले. टाळ्या! पण दहा किलो चटणीला दोघीजणी दोन दिवस पूर्ण राबल्या. चार दिवसांची मजुरी. गावात रोज ३०० रुपये धरला तर १२०० झाले, म्हणजे किलोला १२०. खरा खर्च ५२० रुपये. सुटले कुठले, किलोमागे ७० रुपये बाईच्या अंगातून गेले. मजुरीचा दर निघाला दिवसाला सव्वाशे. शेतातल्या खुरपणीपेक्षा कमी, आणि वर डोळे, हात जळतात ते वेगळंच. घरकामाचं मोल नाही म्हणून आपण वर्षानुवर्षं सभा घेतो आणि गटाच्या हिशेबात बाईची मजुरी शून्य लिहितो. ही सवय आपल्याच बैठकांत मोडली पाहिजे. भाव वाढवला तेव्हा काही घरं गेली. पण ज्यांची चटणी त्यांच्या घरासारखी होत होती ती बहुतेक राहिली. कारण ती दुकानात मिळत नव्हती. वेगळेपणाचा उपयोग हा असतो, नुसता देखणेपणासाठी नसतो.

आता सगळ्यात अवघड भाग. पाकिटावर नियमाप्रमाणे बरंच छापावं लागतं. नाव-पत्ता, वजन, किंमत, तयार केल्याचा महिना, अन्न सुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक, आणि तक्रारीसाठी फोन नंबर. या गटाच्या पाकिटावर नंबर होता तो एका सदस्येच्या नवऱ्याचा. गैर काही नव्हतं, गटात तेव्हा दोघींकडेच फोन होते आणि तेही घरी रिचार्ज झाला तर चालू. पण हळूहळू काय झालं? गिऱ्हाइकं त्याला फोन करायला लागली. तो "होय, पोचवतो" म्हणायचा. भावात सूट द्यायची की नाही ते तोच ठरवायला लागला. पैसे मोबाईलवरून यायला लागले तेव्हा ते त्याच्याच खात्यावर. तो अधूनमधून गटात आणून द्यायचा, अधूनमधून "नंतर देतो" म्हणायचा. वर्षभरात गाव म्हणायला लागलं, "अमक्याची चटणी." अकरा बायका राबत होत्या आणि चटणी एका पुरुषाची झाली होती. त्याने काही लुबाडायचं ठरवलं होतं असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाईक ज्याच्या ओळखीचं, धंदा त्याचा, हा बाजाराचा साधा नियम आहे.

गटाने बैठक घेतली. त्या सदस्येच्या तोंडावर हे बोलणं सोपं नव्हतं. ती म्हणाली, "मी घरी जाऊन काय सांगू?" शेवटी ठराव असा झाला की गटाच्या पैशातून एक फोन घ्यायचा, सिम अध्यक्षबाईंच्या नावाचं, पैसे यायचे ते फक्त गटाच्या बँक खात्यावर, आणि फोन आठवड्याला एकीकडे असा फिरता ठेवायचा. ठराव संपूर्ण गटाचा, म्हणून त्या एकीला घरी एकटीनं भांडावं लागलं नाही. पाकिटं नवी छापावी लागली, जुन्यांवर चिकटपट्टी लावली. चिकटपट्टी वाईट दिसते, असं पाकीटवाला म्हणाला. दिसू दे.

फिरता फोन घेऊन बोलायची सवय लागायला वेळ गेला. एक बाई फोन वाजला की पोराच्या हातात द्यायची. परक्या पुरुषाशी काय बोलायचं? मग बैठकीत खोटे खोटे फोन करून सराव केला, त्यात खूप हसलो. आज त्यांच्यातली तिसरी शिकलेली बाई पुण्याच्या गिऱ्हाइकाला ठणकावून सांगते, "खसखस महाग झाली, मागचा भाव धरू नका."

संस्थांनाही हे लागू आहे. काही ठिकाणी शहरातल्या प्रदर्शनात स्टॉलवर कार्यकर्ती बोलते आणि बाई मागे पिशव्या भरते. का, तर ताईंना शुद्ध बोलता येतं. गिऱ्हाइकांचे नंबर ताईंच्या फोनमध्ये. प्रकल्प तीन वर्षांनी संपतो, ताई दुसऱ्या जिल्ह्यात जातात, आणि गिऱ्हाईक त्यांच्याबरोबर जातं. नवऱ्याच्या खिशातला फोन आपल्याला लगेच दिसतो, संस्थेच्या टेबलावरचा दिसत नाही.

ओळखीबद्दल आणखी एक बोलायचं आहे. आपण म्हणतो, गिऱ्हाइकाला कळू दे माल कुणाच्या हातचा आहे. कंपनीला चेहरा नसतो, आपल्याला आहे. ऐकायला छान आहे. पण 'कुणाच्या हातचं' हा प्रश्न आपल्या समाजात साधा नाही. स्टॉलवर बाई चव घेते, "वा" म्हणते, आणि मग विचारते, "तुमचं आडनाव काय?" का विचारलं ते इथं बसलेल्या प्रत्येकीला कळतं. दुकानात 'ब्राह्मणी', 'सोवळ्यातलं' अशी लेबलं तुम्ही पाहिली असतील. 'घरगुती' हा शब्दही बघा. कुठलं घर, ते न बोलता समजून घ्यायचं असतं. या अकराजणींत चौघी बौद्ध, एक मुसलमान, बाकीच्या मराठा आणि धनगर. वही घेऊन घरोघर गेल्यावर काही घरांनी विचारलं, कांडायला कोण असतं, लसूण कोण सोलतं. दोन घरांनी सुचवलं की आमची चटणी अमकी-तमकीनेच करावी.

यावर गटात जे बोलणं झालं ते मला कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा मोलाचं वाटतं. एकीचं म्हणणं, गिऱ्हाईक सांभाळायचं तर थोडं समजून घ्यावं, त्यांच्या पुड्या वेगळ्या कराव्यात. दुसरी म्हणाली, मग आपली अकराजणींची बैठक एका सतरंजीवर कशाला? बौद्ध बायकांपैकी दोघी आधी काहीच बोलल्या नाहीत. मग त्यातली मोठी म्हणाली, "चटणी डंकात गेली की मिरची कुणी खुडली ते डंकाला कळतं का?" ठरलं असं की कुठल्या घराची चटणी कुणी केली हे कधीच सांगायचं नाही, चटणी गटाची. पाकिटावर नावं छापायची की नाही यावर मात्र दोन मतं राहिली. काहींना वाटलं, नुसती पहिली नावं छापू, आडनाव नको. त्यावर तीच मोठी बाई म्हणाली, लपवायचं कशाला, आम्ही काय चोरी केली? शेवटी अकराही नावं आडनावासकट, अआइई क्रमाने छापली. काही घरांनी चटणी बंद केली. एका घरची सासू बंद झाली आणि सून गुपचूप शाळेतल्या पत्त्यावर मागवते, ते वहीत वेगळं पान आहे! धंद्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचं होतं की नाही यावर गटात अजून वाद होतो. माझं मत विचाराल तर जे गिऱ्हाईक अकरातल्या पाचजणींना मागे उभं करून मिळतं ते परवडत नाही, कितीही किलो नेलं तरी. पण नुकसान माझं होत नाही, त्यांचं होतं. म्हणून ठरवण्याचा हक्कही त्यांचा.

तक्रारीबद्दल थोडं बोलते आणि थांबते, भुका लागल्या असतील. चटणी खवट निघाली असा फोन आला की गटात पहिलं काय होतं? 'खोबरं कुणी भाजलं होतं?' मग जुनी भांडणं, सासरमाहेर, सगळं बाहेर पडतं. या गटाने नियम केला आहे: पाकीट बदलून द्यायचं, खर्च गटाचा, आणि कारण शोधायचं ते माणसाचं नाव न घेता. खोबरं किती जुनं होतं, कांदा नीट कुरकुरीत झाला होता का, पाकिटाचं तोंड सुटलं होतं का. शोधल्यावर वहीत लिहायचं आणि त्या घराला फोन करून सांगायचं. दुकानातल्या पाकिटाबद्दल तक्रार केलीत तर तुम्हाला कुणी फोन करून सांगतं का, की कांदा कच्चा राहिला होता?

आठवडी बाजारात बसायचं तर जागा आणि मुतारी दोन्ही लागतात. मुतारी नाही म्हणून सकाळपासून पाणी न पिता बसणाऱ्या बायका आपण पाहतो. शहरात फेरीवाल्यांच्या समितीत फेरीवाल्यांच्या प्रतिनिधींपैकी एक तृतीयांश बायका असल्या पाहिजेत असं २०१४चा कायदा सांगतो. त्या आहेत का, हे आपापल्या नगरपालिकेत जाऊन विचारा. हा वेगळा विषय आहे, उद्याच्या सत्रात घेऊ.

आता जेवणानंतर काय करायचं ते सांगते. प्रत्येकीने आपल्या गटाचं एक एक पाकीट आणलं आहे. ती सगळी सतरंजीवर मांडायची, पण पालथी. चित्र खाली, मागची बाजू वर. कागद-पेन्सिल घेऊन प्रत्येक पाकिटावरचा फोन नंबर लिहायचा आणि त्याच्यापुढे लिहायचं, हा फोन रात्री कुणाच्या उशाशी असतो.